न केलेल्या कर्माचे फळ

छत्रपती संभाजीनगरातील औरंगपुरा ही वस्ती शहराच्या सार्वजनिक जीवनाचे जुने केंद्र आहे. सरस्वती भुवनसारखी शिक्षणसंस्था, बळवंत वाचनालय, जिल्हा परिषदेची कचेरी, भाजीमंडई आणि एकनाथ महाराजांचे मंदिर ही सर्व स्थाने येथे थोड्या अंतरात एकवटली आहेत, आणि तेथून चार पावलांवर गुलमंडीची बाजारपेठ सुरू होते. या वर्दळीच्या मधून, बहुतेकांच्या नजरेआड, एक नाला वाहतो. वर्षातील बहुतेक महिने त्याची ओळख दुर्गंधीपुरती असते. कोठे त्याच्यावर स्लॅब टाकलेला, कोठे त्या स्लॅबवर दुकाने उभी, तर कोठे दोन भिंतींच्या मध्ये तो इतका आक्रसलेला की येथे पाण्याची वाट आहे हे नवख्या माणसास सांगूनही पटू नये. परंतु पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी ढग तासाभरात आपले सर्वस्व ओतून मोकळे होतात आणि मग ते पाणी स्लॅबखालच्या वाटेत मावत नाही; ते रस्त्यावर येते, तळघरातील दुकानांत शिरते, सखल भागातील घरांत धान्याच्या डब्यांपर्यंत चढते, हातगाड्या लोटून नेते, आणि दोन-तीन तासांत ओसरून मागे काळा चिखल ठेवून जाते. शहरातील अशा सर्व नाल्यांप्रमाणे या पाण्याचीही अखेरची धाव खाम नदीकडे आणि तेथून गोदावरीकडे असते.

अशा रात्रीनंतरच्या सकाळी जे उद्गार कानी पडतात, त्यांच्याविषयी मला लिहावयाचे आहे. घरातील चिखल उपसणारी बाई म्हणते, 'देवाची करणी, दुसरे काय.' कचेरीतील दप्तरात लिहिले जाते की नैसर्गिक आपत्तीमुळे नुकसान झाले. दोन्ही वाक्यांचा अर्थ वरवर एकच दिसतो. परंतु त्यांचे नैतिक मूल्य अगदी भिन्न आहे. ज्याचे सर्वस्व गेले त्याने ईश्वराचे नाव घेतले तर ते दुःख सहन करण्याचे बळ असते, आणि त्या बळाची चिकित्सा करण्याचा अधिकार कोणासही नाही. पण ज्याच्याकडे नाल्याची देखभाल मुकरर केलेली आहे, ज्याच्या सहीने नाल्याकाठच्या बांधकामाचा नकाशा मंजूर झाला, अथवा ज्याने आपल्या घराचा राडारोडा रात्रीच्या अंधारात त्या पात्रात लोटला, त्याच्या तोंडी हेच शब्द आले म्हणजे ते जबाबदारीची कैफियत देण्याऐवजी ती ईश्वराच्या माथी मारणे होते. श्रद्धावान माणसास तर याचा संताप अधिक यावयास हवा. कारण येथे देवाचे नाव साक्षीसाठी घेतलेले नसून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी घेतलेले असते.

आपल्या परंपरेने दुःखाचे तीन वर्ग केले आहेत. देह-मनाच्या विकारातून येणारे ते आध्यात्मिक, इतर प्राणिमात्रांकडून येणारे ते आधिभौतिक, आणि वारा, वीज, अतिवृष्टी, भूकंप यांसारख्या मनुष्याच्या आवाक्याबाहेरील शक्तींकडून येणारे ते आधिदैविक. सांख्यांनी आपल्या शास्त्राचा आरंभच या त्रिविध तापापासून केला, आणि मंत्रपाठाच्या अखेरीस शांतिशब्द तीन वेळा उच्चारण्याच्या प्रथेचा संबंधही याच तीन तापांशी जोडला जातो. या वर्गीकरणात पूर आजवर निःशंकपणे तिसऱ्या खान्यात बसविला गेला. मोठ्या नदीच्या पुरापुरते ते यथार्थही असेल. औरंगपुऱ्यातील नाल्याचा पूर मात्र त्या खान्यात बसतो काय, हे थोडे हिशेबाने पाहिले पाहिजे.

एका चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच कोटी लिटर पाणी जमिनीवर येते. आपल्या भागातील वार्षिक पर्जन्यमान साधारणपणे सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे वर्षाच्या वाट्याचा चौदावा हिस्सा एका तासात पडला असे समजावे. असे पाऊस मराठवाड्यात पूर्वीही पडत असत. फरक पडला तो जमिनीवर. जेथे माती, गवत, शेत आणि आमराई होती, तेथे यातील बराच अंश मुरत असे, उरलेला वाटेत रेंगाळे, आणि ओढ्यापर्यंत पोहोचताना त्याचे येणे काही तासांत विभागले जाई. आज तीच भूमी डांबर, सिमेंट आणि फरशी यांनी झाकली आहे. पाणी मुरत नाही, रेंगाळत नाही, सर्व दिशांनी एकाच सुमारास नाल्याच्या मुखाशी येते, आणि नेमका तेथे नाला पूर्वीपेक्षा अरुंद झालेला असतो. येणारे पाणी वाढले, येण्याचा अवधी घटला, जाण्याची वाट आखडली. या तिहींपैकी एकही गोष्ट ढगाने केलेली नाही. पाऊस आधिदैविक आहे, हे मला मान्य आहे. हवामान बदलल्यामुळे तो अधिक उग्र होत चालला आहे, हेही मान्य आहे, जरी त्या बदलातही मनुष्याचा हात असल्याचे आता सिद्ध झाले आहे. परंतु पावसाचा पूर होणे, हा जो मधला व्यवहार आहे, तो सर्वस्वी आधिभौतिक आहे. त्याला कर्ते आहेत, त्या कर्त्यांना नावे आहेत, आणि त्यांच्या कृत्यांची नोंद कोठे ना कोठे सरकारी कागदावर आहे.

हा विचार केवळ आजचा अथवा केवळ आपला नव्हे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, ख्रिस्ती संतांच्या सणाच्या दिवशी, लोक प्रार्थनामंदिरांत जमले असता पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने, नंतर समुद्राच्या लाटेने आणि मग आगीने उद्ध्वस्त झाली. व्हॉल्टेअरने त्यावर काव्य लिहून विचारले की हे ज्या जगात घडते ते जग मंगल आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे. पुढील वर्षी रूसोने त्याला पत्राने उत्तर दिले. सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरे त्या एका ठिकाणी निसर्गाने गोळा करून ठेवली नव्हती, हा त्याच्या उत्तराचा गाभा होता. ईश्वराच्या न्यायाविषयीचा प्रश्न त्याने असा नगररचनेच्या प्रश्नाकडे वळविला. व्हॉल्टेअरच्या शोकापुढे हे उत्तर कोरडे वाटण्याजोगे आहे, आणि भूकंपाच्या बाबतीत ते अपुरेही आहे. परंतु नाल्याच्या पुराला ते जसेच्या तसे लागू पडते.

आपल्याकडे हाच वाद १९३४ साली झाला, आणि तो अधिक मनोज्ञ आहे, कारण वाद करणारे दोघेही धार्मिक वृत्तीचे होते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. हरिजनयात्रेवर असलेल्या महात्मा गांधींनी जाहीरपणे सांगितले की अस्पृश्यतेच्या पातकाबद्दल ईश्वराने दिलेले हे शासन आहे. रवींद्रनाथ ठाकुरांना या विधानाने वेदना झाली. भौतिक उत्पातांची कारणे भौतिकच असतात, आणि असा युक्तिवाद गांधींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच अधिक शोभेल, कारण तेही हीच आपत्ती गांधींच्या चळवळीच्या माथी मारू शकतील, असे त्यांनी लिहिले. गांधींनी तो प्रतिवाद फेब्रुवारी महिन्यात आपल्या 'हरिजन' पत्रात छापला, त्याला उत्तरही दिले, आणि आपल्या श्रद्धेवर ते ठाम राहिले.

या वादात तर्काची बाजू ठाकुरांची होती याविषयी मला संशय नाही. तरीदेखील गांधींच्या म्हणण्यात एक धागा असा आहे, की तो विवेकवाद्यांनी फार लवकर तोडून टाकला. गांधींचा आग्रह होता की पाप हे व्यक्तीचेच असते असे नाही. समाज म्हणून, एकत्रितपणे, पिढ्यानुपिढ्या केलेले पाप असते, आणि त्याची झळ कोठेतरी लागतेच. त्यांनी ज्या कार्याला ज्या कारणाशी जोडले तो सांधा चुकीचा होता. भूगर्भातील शिळा आणि मंदिराचे बंद दार यांच्यात कार्यकारणभाव नाही. परंतु नाल्याच्या पुरात हा सांधा जागेवर असतो. येथे समाजाचे सामूहिक दुष्कृत्य आणि त्याचे फळ यांच्यामध्ये कोणताही चमत्कार मानावा लागत नाही. राडारोडा आणि तुंबलेले पाणी यांच्यातील अंतर हातभर असते. भूकंपाविषयी गांधी चुकले. त्यांनी पुराविषयी, शहरातील नाल्याच्या पुराविषयी, हे वाक्य उच्चारले असते, तर ठाकुरांनाही त्यावर फारसा आक्षेप घेता आला नसता.

तथापि येथेच खरी अडचण उभी राहते, आणि ती आपल्या कर्मसिद्धांताच्या मुळाशी जाऊन भिडते. जो करील त्याला फळ मिळेल, हे त्या सिद्धांताचे सार. आपल्या दार्शनिकांनी परपक्षाचे खंडन करताना दोन दोष वारंवार दाखविले आहेत: कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता ते कर्म वाया जाणे हा कृतनाश. आणि जे केलेच नाही त्याचे फळ भोगावे लागणे हा अकृताभ्यागम. एखाद्या मतातून हे दोन दोष निष्पन्न होतात असे दाखविले की ते मत बाद झाले, असा नैयायिकांपासून जैन आचार्यांपर्यंत सर्वांचा संकेत होता. कारण विश्वाची व्यवस्था इतकी अन्यायाची असणे त्यांना विचारातही सहन होण्याजोगे नव्हते.

आता नाल्याच्या पुराकडे पाहावे. उंचवट्यावरील ज्या वसाहतीने आपले अंगण फरशीने बंद केले, तिचे पाणी उतारावरून निघून जाते. तिचे अंगण कोरडे राहते. ज्याने नाल्याच्या पात्रात खांब रोवून मजले चढविले, तो वरच्या मजल्यावर सुखरूप असतो. ज्याने ते चढू दिले त्याची बदली झालेली असते. हा कृतनाश. आणि ज्याने यांपैकी काहीही केले नाही, ज्याला परवडणारी एकमेव खोली नाल्याकाठीच मिळाली, त्याच्या लेकराची वह्यापुस्तके, त्याचे शिलाईयंत्र, कधी कधी त्याचा जीवही त्या पाण्याबरोबर जातो. हा अकृताभ्यागम. दार्शनिकांनी जे अशक्य म्हणून तर्काच्या शेवटी दाखविले, ते आपण शहरात स्लॅब आणि सिमेंट यांच्या साहाय्याने प्रत्यक्षात आणून दाखविले आहे. ईश्वराच्या सृष्टीत हे दोष असतील वा नसतील. मनुष्याने बांधलेल्या या नाल्याकाठी ते दरवर्षी प्रत्ययास येतात.

यावर एक जुने उत्तर तयार असते. बुडालेल्याचे पूर्वसंचित, असे म्हणून पूर्वजन्माच्या खात्यावर ही रक्कम टाकली की जमाखर्च जुळतो. हे उत्तर मला अधर्म्य वाटते, आणि त्याचे खंडन शोधण्यास दूर जावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली याच शहरात महाविद्यालय स्थापन केले, त्याला मिलिंद हे नाव दिले, आणि त्या परिसराला नागसेनवन. ही दोन नावे ज्या संवादातून घेतली, त्या 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात राजा मिलिंद स्थविर नागसेनाला विचारतो की तथागताने सर्व अकुशल कर्म जाळून टाकले होते, तर त्याच्या पायाला शिळेची चीप लागून वेदना का झाली. नागसेनाचे उत्तर असे की सर्वच वेदना कर्मातून उत्पन्न होतात हे म्हणणे मिथ्या आहे. वात, पित्त, कफ, या तिहींचा सन्निपात, ऋतूचा पालट, विषम वर्तन, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक, अशी वेदनेची आठ कारणे आहेत. त्यांत कर्मविपाकाचा वाटा अल्प आणि इतरांचा मोठा. ऋतूचा पालट आणि बाहेरून झालेला आघात ही दोन कारणे वेगळी मोजणारा हा आचार्य नाल्याकाठच्या घरात उभा राहिला असता, तर त्याने तेथील माणसाला पूर्वजन्म विचारला नसता. ज्या शहरात नागसेनाचे नाव एका वनाला दिलेले आहे, त्या शहराने तरी पूरग्रस्ताच्या दुःखाला संचिताचे फळ म्हणू नये.

नाल्याकाठी राहणारा माणूसही त्यात कचरा टाकतोच ना, असा एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. टाकतो, आणि ते वाईटच. परंतु जेथे घंटागाडी पोहोचत नाही तेथील माणसाचा कचरा आणि जेथे सर्व सोयी आहेत तेथून मालमोटारीने आणून ओतलेला राडारोडा यांना एकाच तराजूत घालणे हा न्याय नव्हे. आणि नाल्याचे पात्र अरुंद करण्याची शक्ती तर त्या पहिल्या माणसाजवळ मुळीच नसते.

धर्मशास्त्र या बाबतीत काय सांगते, हे पाहणे उद्बोधक आहे. मनुस्मृतीचा दाखला देताना मला हे स्मरते की मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच या ग्रंथाचे दहन झाले. ते दहन न्याय्य होते असे मी मानतो. म्हणून हा दाखला प्रमाण म्हणून नव्हे, तर केवळ जुना साक्षीदार म्हणून देतो. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीस ज्यांना बसवू नये अशांची लांबलचक यादी आहे. त्या यादीत प्रवाह फोडून वळविणारा आणि प्रवाह अडविण्यात रमणारा, अशी दोन माणसे आहेत. वाहत्या पाण्याची वाट अडविणे हे केवळ शेजाऱ्याचे नुकसान नसून पितरांच्या पंक्तीतून उठविण्याइतके ते पातक आहे, एवढी जाण त्या काळीही होती. आज आपण नाला अडविणाऱ्यास पंक्तीतून उठवीत नाही. त्याला व्यासपीठावर बसवितो.

कौटिल्याचे अर्थशास्त्र याहून अधिक स्पष्ट आहे. चौथ्या अधिकरणात त्याने आठ महाभये सांगितली आहेत, त्यांत अग्नीनंतर पाणी येते, आणि या आठांनाही तो दैवी भयेच म्हणतो. पण दैवी म्हणून तो थांबत नाही. पावसाळ्यात नदीकाठच्या गावांनी काठापासून दूर राहावे, लाकूड, वेळू आणि नावा यांचा संग्रह ठेवावा, वाहून जाणाऱ्यास भोपळे, पखाली, ओंडके आणि नावा यांच्या साहाय्याने बाहेर काढावे. आणि ज्याच्याजवळ तरण्याचे साधन असूनही जो मदतीस धावला नाही, त्याला बारा पण दंड करावा, अशी त्याची तजवीज आहे. पर्वकाळी नदीची पूजाही करावी, असे तो त्याच ओघात सांगतो. पूजा आणि दंड यांत त्याला विरोध दिसला नाही, आणि मलाही दिसत नाही. ज्या नाल्याला आपण कधी नमस्कार केला नाही, त्याच्या पात्राचेही रक्षण केले नाही. दोन्ही एकाच अनास्थेची रूपे आहेत.

ज्या निजामी राज्याचा मराठवाडा १९४८ पर्यंत भाग होता, त्याच्या राजधानीत २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला पूर आला. त्यात सुमारे पंधरा हजार माणसे मरण पावली असे मानले जाते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी हिंदू पंडितांच्या सांगण्यावरून नदीकाठी जाऊन तिची यथाविधी पूजा केली, अशी कथा हैदराबादेत आजही आदराने सांगितली जाते. ती कथा मला प्रिय आहे. एका मुसलमान राजाने प्रजेच्या श्रद्धेसाठी नदीपुढे नम्र होणे यात राजधर्माचे एक उदात्त रूप आहे. परंतु त्याच निजामाच्या कारकीर्दीत, पुढच्याच वर्षी, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी पाणलोट क्षेत्राचा तपास केला, वरच्या बाजूचे शेकडो तलाव आणि त्यांतील फुटलेले बांध यांचा हिशेब मांडला, आणि त्या योजनेतून पुढे १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले. नदीची ओटी भरणारा हात आणि मोजणीच्या साखळीसाठी फर्मान काढणारा हात एकच होता. आपल्या शहरातही याला पूर्वपरंपरा आहे. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी येथे हे नगर वसविले, आणि डोंगरातील पाणी भूमिगत नहरीने, केवळ उताराच्या बळावर, हौदांपर्यंत आणले. पुढे त्याच विद्येच्या आधाराने बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात पाणचक्की फिरू लागली, आणि तिचे पीठ यात्रेकरूंच्या व गरिबांच्या मुखी गेले. ज्यांनी पाण्याचा उतार इतक्या बारकाईने वाचला, त्यांच्या नगरात आज पाण्याला उतार सापडू नये.

कायद्याच्या भाषेतही 'दैवी कृत्य' ही एक मान्य सबब आहे, आणि तिचा एक फैसला प्रत्येक नगरसेवकाने वाचावा असा आहे. स्कॉटलंडमधील ग्रीनॉक शहराच्या नगरपालिकेने मुलांना खेळण्यासाठी एका ओढ्याच्या पात्रात सिमेंटचा उथळ तलाव बांधला आणि त्यासाठी ओढ्याचा मार्ग बदलला. पुढे विलक्षण पाऊस झाला, पाणी तलावावरून फुटून रस्त्याने गेले आणि रेल्वे कंपनीच्या मालमत्तेचे नुकसान झाले. नगरपालिकेने अतिवृष्टीचे कारण पुढे करून ही दैवी आपत्ती असल्याचा बचाव घेतला. १९१७ साली ब्रिटनच्या उमरावांच्या सभेने तो फेटाळला. नैसर्गिक प्रवाहात जो हस्तक्षेप करतो, त्याने असाधारण पावसाचे पाणीही पूर्वीप्रमाणेच वाहून जाईल अशी व्यवस्था केली पाहिजे. ओढा आपल्या मूळ पात्रात असता तर त्याने ते पाणी वाहून नेले असते, तेव्हा नुकसान देवाने केले नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. औरंगपुऱ्यातील नाल्यावरचा स्लॅब आणि ग्रीनॉकचा तो तलाव यांत नैतिक भेद मला दिसत नाही. भेद एवढाच, की तेथे फिर्यादी रेल्वे कंपनी होती, आणि येथे ज्याचे घर बुडते त्याच्याजवळ वकील करण्यापुरते पैसे नसतात. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेल्या पुराने वीसहून अधिक माणसे नेली. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भराव टाकून आखडलेल्या मिठी नदीने उपनगरे बुडविली. दोन्ही ठिकाणी पावसाचा आकडा सर्वांच्या तोंडी राहिला. पात्राची रुंदी किती होती आणि किती उरली, हा दुसरा आकडा फारच थोड्यांच्या स्मरणात आहे.

मग यात ईश्वराला स्थान कोठे, असे एखादा भाविक विचारील, आणि त्याचा प्रश्न मी टाळणार नाही. औरंगपुऱ्यात ज्यांचे मंदिर आहे, ते एकनाथ महाराज आपल्या गुरूंकडे, जनार्दनस्वामींकडे, देवगिरीच्या किल्ल्यावर राहत असत. जनार्दनस्वामी किल्ल्याचे अधिकारी होते आणि हिशेबाचे दप्तर नाथांच्या हाती होते. एके दिवशी ताळेबंदात एका पैची चूक लागेना. नाथ रात्रभर दिव्यापुढे बसले, आणि पहाटेस चूक सापडताच आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. गुरूंनी विचारले, एक पै सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराची मोठी चूक सापडल्यावर तो किती व्हावा. कीर्तनकार ही कथा गुरूंच्या या प्रश्नासाठी सांगतात, आणि ते उचितच आहे. मला मात्र ती रात्रही तितकीच महत्त्वाची वाटते. ती पै सरकारी होती, स्वतःची नव्हे; ती सापडली नसती तर कोणी उपाशी मेले नसते; तरीही, दुसऱ्याच्या हिशेबात आपल्या हातून चूक राहू नये म्हणून एक साधक रात्रभर जागला. गुरूंनी त्या जागरणास क्षुल्लक म्हटले नाही. त्याच एकाग्रतेत त्यांना परमार्थाची योग्यता दिसली. सार्वजनिक कामातील अचूकपणा ही ईश्वरसेवेची पूर्वअट आहे, असा मी या कथेचा अर्थ घेतो. नाल्याची रुंदी मोजणारा भूमापक, उन्हाळ्यात गाळ काढल्याच्या देयकावर सही करण्यापूर्वी स्वतः नाल्यात उतरून पाहणारा अभियंता, आणि ज्या सफाई कामगाराच्या जिवावर ही सर्व व्यवस्था चालते त्याला सुरक्षित साधने मिळतात की नाही हे विचारणारा नागरिक, या तिघांच्या ठिकाणी मला ईश्वराचे स्थान दिसते. ढगात ते शोधण्याची मला गरज वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद आणि नागरिकांच्या संस्था यांनी मिळून खाम नदीचे पात्र स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले, आणि काठ उजळल्याचे आपण पाहिले. ते काम स्तुत्य आहे. परंतु नदी ही नाल्यांची बनलेली असते, आणि नाल्याकाठी उद्यान करणे नदीकाठी करण्याइतके सोपे नसते. तेथे कोणाचे तरी दुकान हलवावे लागते, कोणाच्या तरी मजल्याला नोटीस द्यावी लागते. ती देताना हातोडा आधी झोपडीवर पडू नये. जो सर्वांत खाली राहतो त्याला प्रथम सुरक्षित घर, आणि ज्याने पात्र व्यापारासाठी बळकावले त्याच्यावर प्रथम कारवाई, असा क्रम राखला तरच त्या कामात न्याय राहील. अन्यथा न केलेल्या कर्माचे फळ त्याच माणसाच्या पदरी पुन्हा एकदा पडेल.

औरंगपुरा, दलालवाडी, गुलमंडी या परिसरातील वाचकांना माझी विनंती आहे. नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून आपल्या घराजवळच्या नाल्याचा जुना नकाशा काढावा, त्यात लिहिलेली रुंदी आणि आज उरलेली रुंदी यांची मोजणी चार शेजाऱ्यांसमक्ष करावी, आणि ती लेखी स्वरूपात महापालिकेस मे महिना संपण्यापूर्वी द्यावी. आणि यापुढे नाल्याच्या पुरात कोणाचे घर अथवा प्राण गेले, तर पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी कारणाचा रकाना वाचावा. तेथे केवळ 'दैवी आपत्ती' असे लिहिले असेल, तर सही करू नये.